तुमच्या मागे ओतलेलं पाणी

बाबा,

तुम्ही गेलात आणि दोन-तीन दिवसांनी इस्फहानहून आत्याचा फोन आला. तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला कळायला हवी होती, आणि खरं तर माझ्या जन्माच्या आधीच कळायला हवी होती. आता तुम्हाला सांगायचा दुसरा मार्ग उरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पण तुमची सवय मला ठाऊक आहे. कोणी थेट विषयाला हात घातला की तुम्ही म्हणायचात, "आधी चहा. मग मुद्दा." तेव्हा आधी चहा.

तुमचा तो बिनदुधाचा चहा! काचेच्या पेल्यातून, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. अख्ख्या बिल्डिंगने एकदा तरी तो पिऊन पाहिला आणि बहुतेकांनी "छान आहे" म्हणून पेला अर्धा ठेवला. डोंबिवलीत इराणी माणूस राहतो म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हॉटेल कुठं आहे तुमचं?" तुम्ही म्हणायचात, "तिसऱ्या मजल्यावर. या ना." आणि लोक खरंच यायचे. दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. कोणी देवावर बोलायचं, कोणी निवडणुकीवर, आणि तुम्ही सगळ्यांशी भांडायचात, पण कोणाला उपाशी जाऊ द्यायचा नाहीत. आई पोह्यांवर पोहे करायची आणि स्वयंपाकघरातून तिच्या बाजूचे मुद्दे मांडायची.

तिकडे तुम्ही विद्यापीठात शिकवत होतात. तीन मित्रांबरोबर मासिक काढत होतात, आणि त्यात जे लिहायचात ते वाचून माणसं घाबरायची किंवा पेटून उठायची. इकडे तुम्ही पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत नववी-दहावीचं बीजगणित शिकवलंत. गिरणी सुरू झाली की फळ्याकडे तोंड करून लिहायचं, थांबली की वळून समजवायचं. कोणी हळहळून म्हणालं, "सर, केवढे मोठे तुम्ही आणि इथं काय हे," तर तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "बीजगणित लहान आहे का?" एवढंच विचारायचात. समोरचा गार.

आईची आणि तुमची ओळख पुण्यातली. तुम्ही शिकायला आला होतात, मग तिकडे क्रांती झाली म्हणून उड्या मारत परत गेलात, आणि थोड्याच वर्षांत डोंगर ओलांडून, पाय सुजवून पुन्हा इथं आलात. आई आजही म्हणते, "माझ्यासाठी कसले येतायत, दुसरीकडे कुठे घेतलं नाही म्हणून आले." हे म्हणताना ती अशी लाजते की पुढचं विचारायची गरज पडत नाही.

तुम्ही नमाज पढला नाहीत, आईच्या गणपतीला हात जोडला नाहीत (मोदक मात्र मोजल्याशिवाय खाल्लेत), आणि देहदानाचं तर कधीच ठरवून टाकलं होतंत. एका गोष्टीत मात्र तुमचा सगळा विवेकवाद पाणी भरायचा. घरातून कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की तुमच्या इराणी रीतीप्रमाणे त्याच्या मागे वाटीभर पाणी ओतायचं, त्यात एक हिरवं पान. म्हणजे जाणारा सुखरूप परत येतो. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून तुम्ही हे केलंत. वाटी काठोकाठ भरून, तीन जिने न सांडता उतरून तुम्ही माझ्या मागे यायचात. पान तुळशीचं. "अहो, आज द्वादशी आहे, तुळस तोडू नका!" आई वरून ओरडायची. मग कढीपत्ता. दहावीच्या गणिताच्या पेपरला मी कढीपत्त्याच्या पाण्यावर गेलेले आहे.

"बाबा, ही अंधश्रद्धा नाही का?" मी कॉलेजात असताना विचारलं होतं. तेव्हा मला सगळ्यांच्या अंधश्रद्धा काढायचं वेड लागलं होतं. तुम्ही म्हणालात, "श्रद्धा नाही, शिष्टाचार आहे. जाणाऱ्याला सांगायचं की दार उघडं आहे."

आणि तळमजल्यावरच्या परुळेकर काकू! त्यांच्या दारासमोरच तुम्ही ती वाटी रिकामी करायचात. पाण्याचे हाल तर असे होते की बादलीवरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद व्हायची. काही दिवस काकूंनी सहन केलं, मग एका सकाळी दार उघडून उभ्याच राहिल्या.

"ओ सर, इथे टँकर मागवायला लागतोय नि तुम्ही भर दारात पाणी ओतताय? आणि काय हो, माणूस बाहेर पडल्यावर मागे पाणी कधी मारतात, म्हाईत आहे ना? मयत गेल्यावर! पोरगी शाळेत चाललीय, तिच्या मागे हे काय लावलंय?"

तुमचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही रिकामी वाटी हातात धरून हादरून उभे होतात. मग तुमच्यातला अभ्यासक जागा झाला आणि तुम्ही काकूंना तिथंच दारात धरलंत. कोण ओततं? घर धुतात की फक्त उंबरा? का? काकू वैतागल्या. "मला काय म्हाईत, आमची आजी करायची," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही काकूंचं दार ओलांडून फाटकाबाहेर गेलात आणि तिथं ओतलंत. आयुष्यात कुठं माघार घेतली असलीत, तर ती एवढीच.

काही वर्षांनी काकूंच्या संजूला मस्कतला नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू वर आल्या. चहा नको म्हणाल्या, बसल्या, उठल्या, पदर सारखा केला, पुन्हा बसल्या.

"सर, ते तुमचं पाणी... आमच्या संजूच्या मागे पण ओताल काय? जास्त नको. वाटीभरच."

"मी कशाला? ते आईने ओतायचं असतं."

"मी? अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी सांगतो," तुम्ही म्हणालात, आणि सकाळी फाटकाशी काकूंच्या शेजारी छाती काढून उभे राहिलात. काकूंनी रडत रडत अर्धी वाटी स्वतःच्याच पायांवर ओतली. संजू परत आला तो भलीमोठी ढेरी घेऊन. त्याचं श्रेयही काकूंनी तुम्हालाच दिलं.

सगळ्यांच्या मागे ओतायचात, पण तुमच्या मागे कोणी ओतायचं नाही, हा तुमचा नियम. लहानपणी एकदा तुम्ही कल्याणला कुठल्याशा व्याख्यानाला निघाला होतात, तेव्हा मी मोठ्या ऐटीत वाटी घेऊन तुमच्या मागे उतरले. तुम्ही वळलात आणि माझं मनगट धरलंत. ओरडला नाहीत. "माझ्या मागे एकदा ओतलेलं आहे, शिरीन. त्या पाण्याचं काम अजून झालेलं नाही. त्यावर दुसरं ओतायचं नाही."

ते पाणी कुठलं, हे तुम्ही मला मी मोठी झाल्यावर सांगितलंत. थंडीतली पहाट. मासिकाच्या तिघा मित्रांपैकी एकाला धरून नेलं होतं, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. तुम्ही आजीला सांगितलंत, मित्राच्या लग्नाला चाललोय, पंधरा दिवसांत येतो. तिनं खिडकीतल्या कुंडीतलं जिरेनियमचं पान तोडलं, वाटीत टाकलं आणि गल्लीत येऊन तुमच्या मागे पाणी ओतलं. तुम्ही वळून पाहिलं नाहीत, कारण पाहिलं असतंत तर पाय निघाला नसता. "मी आईशी आयुष्यात एकदाच खोटं बोललो," तुम्ही म्हणालात, "आणि त्या खोट्यावर तिनं पाणी ओतलं."

तेव्हापासून तुम्ही कोणालाही "येतो" म्हणाला नाहीत. निघताना आपलं "जातो." डोंबिवलीत हे म्हणजे बायकांच्या काळजाला घरं पाडणं. "सर, जातो म्हणू नये हो," असं तुम्हाला बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईने एकदा तरी सांगितलं असेल. तुम्ही हसून मान डोलवायचात आणि म्हणायचात, "बरं. जातो."

आता आपलं भांडण. ते मिटलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नका.

मी नुकतीच वकील म्हणून कल्याणच्या कोर्टात उभी राहायला लागले होते. तुमच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने निरोप आणला की आजी आजारी आहे. तिकडच्या सरकारी लोकांशी त्याचं बोलणं झालं होतं. मासिकातल्या जुन्या लेखाबद्दल खेद वाटतो, अशा दोन ओळी लिहून द्यायच्या, कोणी त्रास देणार नाही, येऊन आईला भेटून जा. मला वाटलं, सुटलो. तुम्ही मात्र नेहमीसारखे खडा दातात धरून चहा पीत बसलात.

"बाबा, दोनच ओळी आहेत. अंडर प्रोटेस्ट, म्हणजे निषेध नोंदवून द्या. कायद्यात चालतं ते."

"तुझ्या कायद्यात चालत असेल."

"आजी किती दिवसांची सोबतीण आहे आता? तिला तुमची तत्त्वं हवीत का तुम्ही हवे आहात?"

तुम्ही पेला खाली ठेवलात. "त्या लेखाखाली चार नावं होती. तीन जण आता नाहीत. कसे नाहीत, तुला माहीत आहे. मी आज लिहून दिलं की ते चूक होतं, तर ते तिघे कशासाठी गेले? माझं नाव मी काढून घेऊ शकतो, बेटा. त्यांची नावं कोण काढणार?"

"आणि आजीचं काय?"

तुम्ही उठून पेला विसळलात आणि क्लासला गेलात. पुढे किती वेळा आपण या जागेवर येऊन थांबलो! मी तोच प्रश्न विचारायची, तुम्ही तोच पेला विसळायचात.

दर शुक्रवारी आजीचा फोन असायचा. तिकडचे फोन ऐकले जातात म्हणून त्या पहाटेबद्दल कोणी अक्षर काढायचं नाही. जेवलास का, थंडी आहे का, नदीला पाणी आहे का, एवढंच. ज्या वर्षी तिनं सांगितलं की नदी कोरडी पडली, पुलाखाली पोरं फुटबॉल खेळतात, त्या वर्षी तुम्ही फोन ठेवून कितीतरी वेळ गॅलरीत उभे होतात. मग ती गेली. त्या दिवशीही तुम्ही क्लास घेतलात. परवा तुमची एक जुनी विद्यार्थिनी दिव्याहून आली होती, तिनं सांगितलं, "त्या दिवशी गिरणी थांबली तरी सर वळलेच नाहीत. फळ्याकडे तोंड करून लिहीतच होते. आम्ही पण गप्प बसून उतरवून घेतलं."

माझं आजही म्हणणं आहे की तुम्ही जायला हवं होतं. आणि तुम्ही गेला असतात तर आज लोकांना "मी त्यांची मुलगी" असं सांगताना माझी मान जशी ताठ होते, तशी झाली नसती, हेही मला माहीत आहे. कोर्टात असं दोन्हीकडून बोलले तर न्यायाधीश मला बाहेर काढतील. पण तुमच्या बाबतीत माझं हेच आहे, बाबा. मला तुमचा राग येतो आणि मला तुमचा फार अभिमान वाटतो. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं. आपल्या घरात भांडायला वेळ होता, असलं काही बोलायला नव्हता.

त्या सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्सवाल्यांनी तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं. मी त्यांच्यावर ओरडत होते, आई चप्पल शोधत होती. तेवढ्यात तुम्ही मान वळवून आईकडे पाहिलंत आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणालात, "सुनंदा, येतो."

आईच्या हातातली चप्पल हातातच राहिली. आम्ही दोघींनी ऐकलं, पण एकमेकींशी त्यावर बोललो नाही. हॉस्पिटलमध्ये नाही, दोन दिवसांनी डॉक्टर बाहेर आले तेव्हाही नाही.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. टक्कल पडलेले, पोरंबाळं असलेले बाप्ये "सर" म्हणून रडत होते. कोणी तरी आईला विचारलं, विधी काय करायचे? आई म्हणाली, "त्यांनी ठरवलंय तेच." मेडिकल कॉलेजची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. परुळेकर काकू गुडघे धरत धरत बाहेर आल्या, हातात बादली आणि तांब्या. गाडी गेल्यावर उंबरा धुवायला. त्यांची आजी करायची तसं.

मी तुमच्याबरोबर जाणार होते, गाडीत चढतच होते. वळून पाहिलं तर आई खाली उतरली होती, हातात वाटी. स्टीलची, रोजची. त्यात तुळशीचं पान.

मी खाली आले आणि तिचा हात धरला. "आई, नको. बाबांना चालायचं नाही. आजीचं पाणी आहे ना त्यांच्यामागे."

"त्यांच्या आईचं पाणी त्यांच्या आईचं," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी ऐकलं. एकदा त्यांच्या मागे ओतलं नाही. परवा जिन्यात काय म्हणाले, ऐकलंस ना? येतो म्हणून गेलेत."

"आई, अगं, ते आता..."

"मला कळतं गं, शिरीन. मी काही वेडी नाही."

काकूंनी आपली बादली भिंतीकडे सरकवली. "ओत, सुनंदा," त्या म्हणाल्या. "माझं मग बघू." मग मी हात सोडला आणि गाडीत बसले. गाडी हलली आणि मागच्या काचेतून दिसलं, आईने वाटी पुरती उपडी केली. तुमच्यासारखीच, एक थेंब न ठेवता.

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण अडकलो, हे तुम्हाला सांगायला नकोच. "इस्फहानहून डोंबिवलीची वाट सापडली, शीळफाटा काही ओलांडता येत नाही," हे तुमचं नेहमीचं वाक्य. मी ते तुमच्या वतीने मोठ्याने म्हटलं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

आता मुद्दा.

आत्याचा फोन आला तेव्हा तिच्या नातीला मध्ये बसवून आम्ही बोललो, कारण माझं फारसी तुम्ही कधी नीट करून घेतलं नाहीत. (हेही एक भांडण शिल्लक आहे.) मी तिला आईने पाणी ओतल्याचं सांगितलं.  मग तिनं त्या पहाटेचं सांगितलं. ती तेव्हा घरातच होती, दाराआड.

आजीला माहीत होतं, बाबा.

तुम्ही लग्नाला चाललोय म्हणालात आणि तिनं तुमच्या पायांकडे पाहिलं. तुम्ही बर्फात चालायचे जाड बूट घातले होते. लग्नाला असले बूट घालून कोण जातं? तुम्ही एवढे मोठे विचारवंत, आणि बुटांचा विचार केला नाहीत. ती कुंडीपाशी गेली, पान तोडलं. पाणी ओतून घरात आली आणि आत्याला म्हणाली, "हा आता यायचा नाही. आला तर मीच त्याला परत पाठवीन." मग दुपारपर्यंत वाटी मांडीवर घेऊन बसली होती.

मी आत्याला विचारलं, हे तू बाबांना कधीच का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "फोनवर कसं सांगणार? ऐकत असतात."

"मग आज कसं सांगितलंस?"

"आज ऐकून ते कोणाला धरणार आहेत?" आत्या म्हणाली, आणि मग आम्ही दोघी खूप रडलो.

तेव्हा तुम्ही तिला फसवलं नव्हतं, बाबा. तुम्हाला ते जमलंच नव्हतं. आजीचं काय, हा माझा प्रश्न तुम्ही इतकी वर्षं पेला विसळून टाळलात, त्याचं उत्तर तिनं तुम्ही गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत देऊन टाकलं होतं. या भांडणात मी हरले, आणि हरल्याचं मला वाईट वाटत नाही.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "मग मी काय वेगळं केलं?"

खरं आहे. इस्फहानच्या गल्लीत आणि डोंबिवलीच्या फाटकाशी, तुमच्या मागे दोनदाच पाणी ओतलं गेलं. दोन्ही वेळा तुम्ही "येतो" म्हणून निघाला होतात. आणि दोघींनाही माहीत होतं, बाबा. माहीत असूनच त्यांनी ओतलं.